नर्सबाईची ढाल

भावाचा फोन आला तेव्हा मी लॅपटॉपवरच्या गेममध्ये एका गुहेच्या तोंडाशी थांबले होते. स्पेसबार दाबला की त्या गेममध्ये सगळं जागच्या जागी थांबतं. माझी माणसं, समोरचे राक्षस, हवेत उडालेला बाणसुद्धा. मग निवांत विचार करायचा, एकेकाला काम नेमून द्यायचं आणि पुन्हा स्पेसबार दाबायचा.

"ताई, गुरुवारी अंबडला ये. रजिस्ट्री ऑफिसात, अकराला. दहा मिनटाचं काम हाये."

काम काय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अण्णांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सातबाऱ्यावर माय, तो आणि मी अशी तिघांची नावं लागली होती. दहा मिनिटांचं काम म्हणजे माझं नाव काढायचं काम. त्याला हक्कसोड म्हणतात. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीने भावाला सोडून द्यायचा, भावाने तिला साडी घ्यायची, आणि मग तिचं माहेर शाबूत राहतं. सही केली नाही तर काय होतं, हे कुणी सांगत नाही. सांगावं लागतच नाही.

जमीन अडीच एकर. वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला अगदी लागून. अण्णांनी तिथे आयुष्यभर कापूस लावला. भावाला आता तिथे गाळे बांधायचेत आणि बँकेला कागदावर एकच नाव पाहिजे. मला त्या जमिनीचं काय करायचं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मी परतूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, नवऱ्याची नोकरी आहे, माझं काही अडलेलं नाही. पण "तुला काय करायचंय?" हा प्रश्न मला लहानपणापासून इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता तो ऐकला की माझं डोकंच फिरतं.

पस्तिशी ओलांडलेली नर्स सुट्टीच्या दुपारी राक्षस मारत बसते, हे परतूरमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. नवऱ्याला माहीत आहे. तो म्हणतो, सिरियल बघण्यापेक्षा बरं. हा नाद मला भावाने लावला असं आमच्या घरात सांगतात. खरं म्हणजे तो मीच त्याला लावला.

मी अकरावीला आणि तो नववीला असताना घरी कॉम्प्युटर आला. अण्णा शेती सांभाळून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरही होते. जालन्यातल्या कुणाकडून तरी त्यांनी तो जुना घेतला, पोत्यात गुंडाळून जीपने आणला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले की मुलांसाठी आणलाय. त्या 'मुलां'मध्ये मीही आहे असं मला काही दिवस वाटलं. कॉम्प्युटरचं टेबल निळ्या कोटातल्या फोटोखाली ठेवलं होतं. त्याच फोटोला हार घालून अण्णा दर चौदा एप्रिलला समाजमंदिरात भाषणाला जायचे आणि "माझ्या घरात मुलगा-मुलगी एक" हे वाक्य हमखास बोलायचे. टेबलापुढे खुर्ची मात्र एकच होती, आणि तिच्यावर भाऊ बसायचा. मी शेजारी स्टुलावर, मांडीवर डिक्शनरी घेऊन.

गेमची सीडी अंबडच्या कॉम्प्युटर क्लासमधून आली होती. सरांनी कॉपी करून दिलेली, वर पेनाने फक्त 'गेम' लिहिलेलं. भावाला वाटलं गाड्यांची शर्यत असेल. निघालं भलतंच. सहा जणांची टोळी बनवायची आणि ती घेऊन एका अनोळखी मुलखात फिरायचं. गावं, जंगलं, पडके किल्ले, जादूगार, बुटके, भुतं. स्क्रीनच्या उजव्या कडेला आपल्या सहा जणांचे चेहरे एकाखाली एक. कुणाला लागलं की त्याचा चेहरा लाल होत जायचा आणि मेला की राखाडी. आणि जो भेटेल तो इंग्रजीत इतकं बोलायचा की भाऊ वैतागून जायचा. सीडी परत द्यायलाच निघाला होता. मी म्हटलं, थांब, मला वाचू दे.

पहिल्या दिवशी त्याने सहाच्या सहा तलवारवाले घेतले. सगळे धिप्पाड, सगळ्यांच्या छात्या पुढे. मी म्हटलं, "सगळेच मिरवायला निघालेत, कामं कोण करणार?" तो म्हणाला, "तुला काय कळतंय?" पहिल्याच गुहेत एक पेटी होती. ती उघडायला गेलेला विषारी सुया लागून मेला. त्याला उचलायला गेलेला दुसराही मेला. पुढे दाराला कुलूप, ते कुणालाच उघडता येईना. मागून कोल्ह्याच्या तोंडाची माणसं आली. पंधरा मिनिटांत सहाही चेहरे राखाडी झाले, आणि भावाने कीबोर्डवर बुक्की मारली.

मग मी सीडीतली माहिती वाचून काढली. चार दिवस गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे लाईट फक्त दुपारी असायची, त्यामुळे कॉलेजातून आले की दप्तर टाकून आधी तेच. हळूहळू कळत गेलं. पुढे दोन दणकट लोक पाहिजेत, मार खायला. एक हलक्या हाताचा पाहिजे, सापळे ओळखायला आणि कुलपं उघडायला. एक जादूवाला, तो मागे, कारण तो एका फटक्यात जातो. एक लांबून बाण मारणारा. आणि एक बरं करणारा. हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहून काढलं, नियम पहिला, नियम दुसरा असं. लढाईच्या आधी सेव्ह करावं. एकाच जागी सेव्ह करू नये, जुनं पुसलं जातं. दार उघडण्याआधी हलक्या हाताच्याला पुढे पाठवावं. बोलणारा माणूस काय म्हणतो ते पूर्ण ऐकावं, मगच तलवार काढावी. हा शेवटचा नियम भावाने एकदाही पाळला नाही.

बरं करणाऱ्याला इंग्रजीत जे म्हणत होते त्याचा अर्थ डिक्शनरीत 'पुरोहित' निघाला. तो मी मोठ्याने वाचला. मागे अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"पुरोहित? आपल्या घरात?"

"अण्णा, गेममधलाय."

"गेममधला असू दे न्हाईतर कुठला. छप्पन साली आपण हे सगळं सोडलं, आन तुम्ही कॉम्प्युटरमधून परत आणून राह्यले?"

मोठा पेच पडला. त्याच्याशिवाय टोळी दोन दिवस टिकत नव्हती. शेवटी आम्ही ती बाई घेतली आणि तिचं नाव नर्सबाई ठेवलं. एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल घेतलेली नर्स. अण्णांना ते पटलं. मायसुद्धा हसली.

नर्सबाई म्हणजे मी, हे भावाने परस्पर ठरवून टाकलं. "ताई, तू मागं राह्य. आमाला बरं करायचं काम तुझं." तो स्वतः सगळ्यात पुढे, चमकत्या चिलखतात. पुढे मी खरोखरच नर्स झाले, पण त्यात गेमचा काही हात नव्हता. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. अण्णांच्या मते मुलीला नर्सिंग बरं, जल्दी नोकरी लागते आणि खर्चा कमी. दोन वर्षांनी भाऊ औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा खर्चाचा विषय निघाला नाही.

त्या टोळीने आम्ही दीड महिना खेळलो. मी वाचायची, तो माऊस हलवायचा. लढाई अंगावर आली की मी ओरडायची, "थांबव, थांबव!" आणि तो स्पेसबार दाबायचा. मग दोघं डोकं लावायचो. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. आमच्यात एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही.

पुढे एक खास ढाल मिळाली, ती एका म्हातारीकडून. एका बुडालेल्या देवळाच्या पायरीवर ती बसलेली असायची आणि कोडी घालायची. सात कोडी. एक चुकलं की पहिल्यापासून सुरू. कोडी इंग्रजीत, तीही जुन्या वळणाच्या इंग्रजीत. मी ती कागदावर उतरवून कॉलेजात नेली, लायब्ररीत बसून एकेक शब्द शोधला. दहा दिवस लागले. सातवं उत्तर बरोबर आलं आणि म्हातारीने ती निळसर ढाल दिली, आग अडवणारी. गेममध्ये तिच्या तोडीची दुसरी ढाल आम्हाला कधी दिसली नाही. भावाला ती लगेच स्वतःच्या हातात पाहिजे होती. मी म्हटलं, "कोडी मी सोडवली. ढाल नर्सबाईची." त्याने ती नर्सबाईला दिली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या वाट्याला आलं, आणि तेही मी मागितलं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मायने हाक मारली, चहा ठेव म्हणून. मी उठले. चहा केला, सगळ्यांना दिला, आमचे दोन कप घेऊन परत आले. स्क्रीनच्या कडेला चेहऱ्यांच्या रांगेत नर्सबाई नव्हती. तिच्या जागी दाढीवाला एक बुटका होता.

"नर्सबाई कुठंय?"

"काढली. सहाच बसतात ना. ह्याला बघ, कुऱ्हाड! एका घावात दोन पाडतो. बरं करायला औषधाच्या बाटल्या हायेत की."

"आन ढाल?"

त्याचा हात माऊसवर थबकला. त्याने सहाही जणांच्या पिशव्या उघडून पाहिल्या. मग जिथे तिला काढली होती त्या पुलावर टोळी परत नेली. पूल रिकामा होता. काढलेलं माणूस स्वतःच्या अंगावरच्या सगळ्यासकट निघून जातं, हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं. त्याने सेव्हही केलं होतं, नेहमीच्या एकाच जागी, जुनं पुसून.

नववीतला पोरगा ढसाढसा रडला. माय स्वयंपाकघरातून धावत आली आणि काय झालं ते न विचारताच माझ्यावर घसरली. "तू मोठी ना? लहान हाये तो. कामून रडवलं?" तोही हुंदके देत म्हणाला, "वाचायचं काम हिचं हाये. हिनं आधी सांगायला पाहिजे होतं." मी चहा करत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मलाही तेव्हा तोंड उघडून सांगता आलं नाही, याचा राग मला आजही येतो.

तो शांत झाल्यावर मी वही काढली आणि नीट अक्षरात लिहिलं. नियम अकरावा: कुणालाही टोळीतून काढण्याआधी त्याच्या अंगावरचं सगळं काढून घ्यावं.

मी त्याला विचारलं, "ती कुठं गेली असंल रे?"

"कोण?"

"नर्सबाई."

"जाईल कुठं बी. गेमच हाये."

त्यानंतर त्याने अकरावा नियम बराबर पाळला. नवीन कुणी भेटला की जुन्या एकाला बाजूला घ्यायचा, शिरस्त्राण काढायचा, चिलखत काढायचा, बोटातली अंगठीसुद्धा सोडायचा नाही, आणि मग जा म्हणायचा. जाणारं माणूस प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायचं. मी ते त्याला पहिल्यांदा मराठीत करून सांगितलं होतं: "तुमच्या मनात काही असेलच, मी रागावलो नाही." नागवं करून हाकललं तरी तेच वाक्य. भावाला ते ऐकून हसू यायचं.

भाऊ वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा तो त्यांच्या खाटेखाली फरशीवर झोपला. माझ्या बाळंतपणात त्याने गाडी घेऊन रात्रंदिवस फेऱ्या मारल्या. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला फक्त हे कधी दिसलंच नाही, की चेहऱ्यांच्या त्या रांगेतून एक चेहरा काढला की ते माणूस कुठेतरी जातं. ते दिसायची त्याला कधी गरज पडली नाही, आणि पडू नये याची घरातल्या सगळ्यांनी काळजी घेतली, माझ्यासकट.

गुरुवारी मी अंबडला गेले. जाताना एसटीत ठरवून टाकलं होतं, सही करायची. माहेर तोडून राहायची ताकद माझ्यात नाही, हे मला माहीत होतं. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली बाकावर माय आणि भाऊ बसले होते. मायच्या मांडीवर दुकानाची पिशवी, आत साडी. भाऊबीज आमच्यात नसते असं अण्णा सांगायचे आणि ते खरंही आहे. छप्पन साली आमच्या लोकांनी देव सोडले, उपास सोडले, हक्कसोड मात्र जपून ठेवला.

मायने साडी माझ्या मांडीवर ठेवली. मोरपंखी, बारीक काठाची. मला आवडेल अशीच होती, याचं जास्त वाईट वाटलं. भाऊ म्हणाला, "ताई, अजून एक गंमत आणली." त्याने बॅगेतून ती दोनशे पानी वही काढली. माळ्यावर सापडली म्हणे. कोपरे उंदरांनी खाल्लेले. तो मनापासून खूश होता. मला बरं वाटावं म्हणूनच त्याने ती आणली होती, हे मी शपथेवर सांगेन.

कागद लिहिणाऱ्याने तेवढ्यात कागद वाचून दाखवला. 'लिहून देणार हिचे लग्नात योग्य तो मानपान झालेला असून, ती आपल्या सासरी सुखात नांदत आहे. बंधूवरील नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने...' मी ऐकत होते आणि गेममधलं ते वाक्य मला आठवत होतं. तुमच्या मनात काही असेलच, मी रागावलो नाही. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं, जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी घालायचं वाक्य.

मी वही उघडली, अकरावा नियम काढला आणि भावापुढे धरला. "वाच."

त्याने वाचला आणि मोठ्याने हसला. "आठवतंय! आपली ढाल गेल्ती ना! काय ढाल होती, ताई. तसली परत न्हाई भेटली."

"कुणाकडं होती ती?"

तो आठवू लागला. खरंच आठवू लागला, कपाळाला आठ्या घालून. "होती ना कुणाकडं तरी. तो... बाणवाला होता का?"

ढाल त्याला निळ्या रंगासकट आठवत होती. ती धरणारी आठवत नव्हती.

आतून नावांचा पुकारा झाला. मायचा हक्कसोडीचा कागद वेगळा होता, तिचं आधी झालं. कॅमेऱ्यात बघा, अंगठा ठेवा, सही करा. दोन मिनिटांत तिचं नाव गेलं, आणि ती पदर सावरत हसतमुखाने बाजूला झाली. मग मी. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने देताय ना बाई?"

इथे स्पेसबार नव्हता. विचार करायला कुणी वेळ देणार नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई."

साहेबांनी मान वर केली. भावाला वाटलं मी गंमत करतेय. "ताई, जल्दी कर ना, लोकं थांबलेत." मी पुन्हा म्हटलं, "न्हाई. मला द्यायचं न्हाई." माझा आवाज इतका मोठा आला की मागच्या रांगेतले लोक बघायला लागले.

बाहेर आल्यावर भावाने गाडीची किल्ली काढली. त्याचा चेहरा नववीतल्या त्या संध्याकाळसारखा झाला होता, आणि मला त्याही वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. माय बोलली. "तुला काय करायचंय त्या जमिनीचं? काय कमी हाये तुला? लहान हाये तो." चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, अजून लहान. मी म्हटलं, "माय, मी तेव्हा चहा करत होते." तिला काही कळलं नाही. कळणार तरी कसं?

मग तिने माझ्या हातातली साडीची पिशवी घेतली. हिसकावली नाही, हळूच काढून घेतली, तान्ह्या बाळाच्या मुठीतून वस्तू काढावी तशी. भावाने माझ्या काखेतली वही ओढून घेतली आणि बॅगेत टाकली. दोघं गाडीत बसले. बसस्टँडपर्यंत सोडतो असंही कुणी म्हणालं नाही. मी चालत गेले आणि परतूरची एसटी पकडली.

त्याला चार महिने झाले. फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. भाच्याचा वाढदिवस झाला, मला दुसऱ्याकडून कळलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलंय. तिथे नावांच्या रांगेत आता माझ्या मावसबहिणीचं नाव आहे म्हणे. रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडते, माझी टोळी पुढे नेते आणि मध्येच स्पेसबार दाबून नुसती बसून राहते. रडू येतं तेव्हा रडते.

अकरावा नियम दोघांनी आठवणीने पाळला. साडी काढून घेतली, वही काढून घेतली, मग मला काढलं. पण घाई त्याला तेव्हाही नडली आणि आताही. परवा तलाठ्याकडे जाऊन मी सातबाऱ्याचा उतारा काढून आणला. अडीच एकर, वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला लागून. त्यावर दोन नावं आहेत, आणि दुसरं माझं आहे.